मेजरची चार अंडी

डूगल पेट्रीने पंचवीस वर्षं जहाजांच्या कारखान्यात रिव्हेट ठोकले. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी उरल्या होत्या, अर्धे बहिरे कान आणि कबुतरं. ग्लासगोच्या उत्तरेला आमच्या इमारतींमागे जी पडीक जागा आहे, तिथे त्याची ढाबळ होती. जुने पत्रे आणि कुणाकुणाच्या घरांची काढून टाकलेली दारं ठोकून उभी केलेली, दोन माणसं उंच आणि हिरवी रंगवलेली. तिथून दोनशे पावलांवर फ्रँक गिलहूलीची काळी ढाबळ. दोघं एकाच कारखान्यातले, एकाच पबात बसणारे, पण कबुतरं आकाशात गेली की हाडवैरी.

आमच्याकडचा खेळ सोपा आहे. एकाने नर सोडायचा, दुसऱ्याने मादी. दोघांतलं जे दुसऱ्याला भुलवून आपल्या ढाबळीवर घेऊन येईल, त्याच्या मालकाने दोरी ओढून जाळं पाडायचं. पकडलेलं कबूतर पकडणाऱ्याचं. परत मागायचं नाही.

डूगलचा मेजर या खेळात पट्टीचा. राखाडी अंग, आणि छाती अशी फुगवायचा की डोकं दिसेनासं व्हायचं. पिल्लू असताना ज्याच्याकडून घेतला त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, नर आहे. त्या वसंतात त्याने आठ माद्या आणल्या. डूगलची थोरली बहीण आयझा त्याच्याबरोबरच राहायची. ती शेजारणींना सांगायची, "आमच्या घरातला एकच पुरुष कामाला जातो, आणि त्यालाही पिसं आहेत."

नववी मादी म्हणजे फ्रँकची पर्ल. पांढरीशुभ्र. फ्रँक तिला वाटाणे स्वतःच्या हाताने भरवायचा. जाळं पडलं तेव्हा तो आपल्या ढाबळीपाशी उभा राहून बघत होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि घरी गेला. दोन आठवडे पबात फिरकला नाही.

पकडलेल्या माद्या डूगल नदीपलीकडच्या लोकांना देऊन टाकायचा. पर्ललाही पाठवणार होता, पण मेजर तिच्या खोक्याला चिकटून बसला आणि दाण्याला शिवेना. शेवटी डूगलने दोघांना एकत्र ठेवलं. दोघांनी चोचीत चोच घातली, काड्या जमवल्या, एकमेकांच्या पाठीवरही चढून झालं. आठवड्याने घरट्यात दोन अंडी दिसली. दोन दिवसांनी डूगलने पाहिलं तर चार.

त्याने गवत उचकलं, पुन्हा मोजली आणि आयझाला बोलावून घेतलं. कबूतर अंडी किती घालतं, असं त्याने तिला विचारलं.

"मला विचारतोस? तीस वर्षं जेवताना हेच ऐकवतोयस. दोन."

"मग ही चार कशी?"

आयझाने घरट्याकडे पाहिलं. दोन अंड्यांवर पर्ल बसली होती, उरलेल्या दोनांवर मेजर. "एक तर ही पर्ल दुप्पट कामसू आहे," ती म्हणाली, "नाहीतर तुझा मेजर बाई आहे."

डूगलने मेजरला उचलून शेपटीखालची हाडं चाचपली. मादीची हाडं फाकलेली असतात, हे या धंद्यात कुणालाही ठाऊक असतं. चार वर्षांत त्याने एकदाही हात लावून बघितलं नव्हतं, कारण शंकाच आली नव्हती. तो तिथेच उलट्या बादलीवर बसून राहिला.

ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. आयझा त्याच दुपारी शेजारणींबरोबर बिंगो खेळायला गेली.

दुसऱ्या दिवशी फ्रँक पबात हजर. खेळ नर आणि मादीचा आहे, मादीने मादी पळवणं ही फसवणूक आहे, तेव्हा नऊच्या नऊ ज्याच्या त्याला परत हव्यात, असं त्याचं म्हणणं. निवाडा टॅम रेनीकडे गेला. पन्नास वर्षं कबुतरं पाळलेला, तोंडात दात नसलेला म्हातारा. त्याने विचारलं, जाळं सरळ पडलं होतं का? हो. पर्ल आपल्या पंखांनी गेली का? हो.

"मग तक्रार कुणाची? पर्लची तर दिसत नाही."

"मेजर बाई आहे हे तिला माहीत होतं का?" फ्रँक म्हणाला.

"तिला माहीत होतं, फ्रँक. माहीत नव्हतं ते तुम्हा दोघांना."

फ्रँकने तरी हार मानली नाही. मेजर मादी असेल तर तिला नर भुलवेल, असा हिशेब करून त्याने आपला सगळ्यात देखणा नर सोडला. तो घुमला, गिरक्या घेतल्या, शेपटी जमिनीवर घासली. मेजरने त्याला पंखांच्या दोन थपडा दिल्या. तो शाळेच्या छपरावर जाऊन बसला आणि चहाच्या वेळेपर्यंत खाली उतरला नाही.

इकडे दोघी अंड्यांवर बसून होत्या. एरवी नर-मादी पाळीपाळीने बसतात. या दोघी एकदमच बसायच्या, अंगाला अंग लावून. अंडी फुटायला अठरा दिवस लागतात. वीस झाले, एकवीस झाले. रिकामी अंडी कुठून फुटणार? दोघी उठायला तयार नाहीत, दाणाही धड खाईनात. डूगलला ते बघवेना. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस, काळ्या ढाबळीपाशी जाऊन उभा राहिला.

"फ्रँक, दोन अंडी हवीत. भरलेली, एक-दोन दिवसांत फुटतील अशी."

"कशाला?"

"पोरी बसून बसून झिजल्या रे."

फ्रँक आत गेला आणि लोकरी मोज्यात गुंडाळून दोन अंडी घेऊन आला. थपडा खाल्लेल्या नराचीच होती.

डूगलने रिकामी अंडी काढून ही दोन त्यांच्याखाली सरकवली, आणि दुसऱ्याच दिवशी पिल्लं बाहेर आली. दोन आया एकदम भरवायला लागल्यावर व्हायचं तेच झालं. दहा दिवसांत ती बटाट्यासारखी गरगरीत झाली. फ्रँक आधी मोजा न्यायला म्हणून आला. मग वाटाणे घेऊन आला, मग रोजच यायला लागला. पर्ल जाळीतून त्याच्या हातावरचं खायची. एकदा डूगल चाचरत म्हणाला की पर्लला घेऊन जा, नियम गेला खड्ड्यात. फ्रँकने हातातले उरलेले वाटाणे जाळीतून आत टाकले.

"नको," तो म्हणाला. "दुसरी उपाशी मरेल."

पिल्लं उडायला लागल्यावर त्यांनी एकेक वाटून घेतलं. फ्रँकच्या वाट्याचं तिसऱ्याच दिवशी हिरव्या ढाबळीवर परत आलं. नियमाने ते आता डूगलचं. त्याने ते कोटाच्या आत घातलं आणि फ्रँककडे नेऊन दिलं. ते पुन्हा आलं, त्याने पुन्हा नेलं. त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तो असा छाती फुगवून त्या पडीक जागेतून जाताना दिसायचा, आणि प्रत्येक वेळी तिकडे चहाला थांबायचा.