ईनबाईचं उत्तर

सुकन्या उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, शिरली तेव्हा तिचंच गाणं वाजत होतं. कुणाच्या तरी टेम्पोत. आवाज तिचा, हलगी तिनंच बसवलेली.

नागम्माच्या काट्याला अंगठ्याचा भार गं,
पाच कट्टे घालून आलो, मोजले तिनं चार गं.

टेम्पोवाल्यानं तिला ओळखलं नाही. गाणं संपलं की तो परत पहिल्यापासून लावत होता आणि समोरच्या आडत दुकानाकडे बघून दात काढत होता. दुकान नागम्माचं होतं. गाण्यातली नागम्मा हीच. सुकन्याच्या थोरल्या बहिणीची, सिंधूची, सासू.

सुकन्या मुदखेडची. वय सत्तावीस. नांदेडच्या एका शाळेत संगीत शिकवते, गाणी लिहिते, गाते. दिवाळीआधी तिचा पहिला अल्बम आला. 'ईनबाई', म्हणजे विहीणबाई. आठ गाणी. तीन तिची, पाच तिच्या आईची. आई साखराबाई रुखवताची गाणी म्हणायची. लग्नात विहिणीची पंगत बसली की मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला गाण्यातून झोडपतात, ती झोडपणी. त्यात साखराबाईचा हात धरणारं आसपासच्या दहा गावांत कुणी नव्हतं. बायका तिला बैलगाडी पाठवून न्यायच्या. पाच वर्षांपूर्वी ती गेली. मागे एक वही राहिली. वहीतली गाणी सुकन्यानं लातूरच्या स्टुडिओत जशीच्या तशी गायली. ध्वनिमुद्रण करणारा रविकिरण म्हणाला होता, नाव तरी बदला. ती म्हणाली, आईच्या अक्षराला मी हात लावणार नाही.

हे गाणं साखराबाईनं चोवीस वर्षांपूर्वी सिंधूच्याच लग्नात म्हटलं होतं. मांडवात म्हटलेलं मांडवातच विरलं. आता ते मोबाइलवर आलं. तीन आठवड्यांत मोंढाभर झालं.

मग सिंधूचा फोन आला. तिच्या मुलीचं, शिवांगीचं, लग्न ठरलं होतं. तिनं सासूचं एकच वाक्य सांगितलं. "अत्याबाई म्हणतात, मुदखेडचं कुणी मांडवात नको." फोन ठेवला. आईवडील नाहीत, भाऊ नाही. मुदखेडचं कुणी म्हणजे एकटी सुकन्या.

म्हणून ती आली होती.

सोयाबीनचा हंगाम होता. कट्ट्यांच्या, भरलेल्या पोत्यांच्या, थप्प्या दारापर्यंत आल्या होत्या. काट्याशेजारी खुर्ची टाकून नागम्मा बसली होती. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. सिंधू मागे उभी होती. तिनं बहिणीला बस म्हटलं नाही.

"आली का गाणारीण," नागम्मा म्हणाली. "चढ काट्यावर. तोलून देते. अंगठा लावून."

हमाल हसले. सुकन्या हात जोडून उभी राहिली.

"अम्मा, माझं चुकलं. गाणं काढून टाकते."

"कुठनं काढतीस? लोकांच्या तोंडातनं? काल एक म्हातारा कट्टे घेऊन आला आन् माझा अंगठाच बघत बसला. काटा लाईटवर चालतोय बाई. अंगठ्याला जागा कुठं हाय त्यात? दोन गिऱ्हाइकं शेजारच्या आडतीवर गेली. चाळीस वर्षांत एका कट्ट्याची तक्रार न्हाई माझ्यावर."

"आईनं जसं रचलं तसं मी..."

"तुझ्या आईनं रचलं ते मी तिच्याच तोंडून ऐकलंय. पाटावर बसले व्हते. समोर ताट. अंगठ्याचं म्हणली तवा अख्खा मांडव हसला. मी बी हसले. इचार तुझ्या अक्काला. लई भारी म्हणली तुझी आई. मला राग त्याचा न्हाई."

"मग कशाचा?"

"माझं उत्तर कुठाय?"

"कसलं उत्तर?"

"बघ ग सिंधू, हिला ठावं बी न्हाई. आन् ही रुखवताची गाणी गाती." नागम्मा पुढे वाकली. "ईनबाईनं उत्तर दिल्याबिगर घास उचलायचा नसतो. मी दिलं. तुझ्या आईचं तोंड मिटलं. मग दोघींनी एकमेकीला गूळ भरवला आन् पंगत जेवली. तुझ्या त्या अल्बमात मी नुसती मार खाऊन बसलेली हाय. जन्मभर."

वहीत फक्त आईची गाणी होती. समोरच्या बाजूनं काय आलं, ते आईनं कधी लिहिलं नव्हतं. सुकन्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"सांगा मला. मी अल्बममध्ये घालते," ती म्हणाली.

"आधी ऐक. मग बोल."

नागम्मानं घसा खाकरला. आवाज फाटका होता, पण ताल पक्का होता.

साखराबाई गाती गं, मांडवोमांडवी फिरती गं,
लेक बांधली खाटेला, माशा तोंडावरती गं.

ती लेक म्हणजे आपणच, हे सुकन्याला कळलं. प्रत्येक मुलाखतीत तिनं एकच सांगितलं होतं. मी आईच्या मांडीवर बसून गाणं शिकले. अल्बमच्या माहितीतही पहिलं वाक्य तेच होतं.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.

"सोयरीक बघायला आले तवा ह्या डोळ्यांनी बघितलं. रुखवतात खोटं म्हणत न्हाईत. वाढवून म्हणतात."

"मग अंगठा पण खराच म्हणायचा का, अम्मा?"

हमालांचे हात थांबले. सिंधूनं दाराची चौकट धरली.

"हां," नागम्मा म्हणाली. "आता दिसली साखराबाईची पोर."

सुकन्या बहिणीकडे वळली. "अक्का, तू सांग."

"काय सांगू?" सिंधूचा आवाज कोरडा होता. "मीच बांधायचे तुला. आईच्या जुन्या लुगड्याच्या काठानं. आई गाण्याला गेली की पाणी मी, भाकरी मी, तू माझ्याकडं. तू विहिरीकडं पळायचीस. एकदा काठावरनं धरून आणली. त्या दिवसापासून बांधली."

"पण मला मांडी आठवते."

"आठवणारच. माझं लग्न झालं, बांधायला कुणी राहिलं नाही. मग आई तुला संगं न्यायला लागली. मांडी तुला मिळाली. मुलाखतीत मांडीच सांगितलीस. मला विचारायला आली होतीस का?"

सुकन्या तीन वर्षांची होती तेव्हा. तिच्या बाजूनं म्हणण्यासारखं एवढंच होतं.

नागम्मानं व्यवहार मांडला. "माझा आवाज हा असा. तू गायचं. तुझ्या गळ्यानं. शुक्रवारपत्तुर अल्बमात आलं, तर शनिवारी छापायला जाणाऱ्या पत्रिकेत मावशीचं नाव. न्हाई तर शिवांगीला मावशी न्हाई."

"आईवर? मी?"

"माझ्यावर गाताना जमलं की."

सुकन्यानं फोन काढला. एका कट्ट्यावर उभा केला. रेकॉर्डिंग लावलं. रविकिरणकडे हेच जाणार होतं, हलगी नंतर बसवायची होती. तिनं डोळे मिटले आणि दोन्ही ओळी म्हटल्या.

"हे काय?" नागम्मा ओरडली. "अंगाई म्हणतीस का? मला निजवायचं न्हाई. परत."

तिनं परत म्हटलं. साखराबाई या नावावर आवाज खाली गेला.

"नाव गिळू नको. तुझ्या आईनं माझं गिळलं व्हतं का? ठसक्यात घे. परत."

सुकन्यानं डोळे उघडले. समोर सिंधू होती, हाताची घडी घालून, तिच्याकडेच बघत. सुकन्यानं तिच्याकडे बघूनच सूर लावला. या वेळी आवाज पोटातून आला, आई लावायची तसा, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा. खाट आली, माशा आल्या. ती कुठंच मऊ पडली नाही. रस्त्यावरचे दोघंतिघं दारात येऊन उभे राहिले.

सगळ्यांत आधी भुजंग हमाल हसला. मग बाकीचे. "माशा तोंडावरती!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा थप्प्यांच्या मागून परत आला. चोवीस वर्षांनी साखराबाईवर मोंढा हसत होता. तिच्याच लेकीच्या गळ्यातून. सुकन्यानं फोन बंद केला. तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

"सिंधू," नागम्मा म्हणाली, "मावशीचं नाव घाल. वरच्या ओळीत."

सिंधू आत गेली. आत ती रडली की नाही, बाहेर ऐकू आलं नाही.

भुजंगला हसू आवरत नव्हतं. कट्टा पाठीवर घेता घेता त्यानं ओळ पुन्हा धरली, "साखराबाई गाती गं..."

नागम्मानं हातातली पावत्यांची वही खाडकन काट्यावर आपटली.

"गप ए भुजंग्या! ईन हाय माझी ती. तुझी कोण लागती? कट्टा ठेव. काटा बघ."