मागे न घेता येणारी चाल

मोबाइलवरच्या खेळात भाऊजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, निळं बंदर माझ्या जहाजांनी वेढलंय. शेवटची चाल मी मुद्दाम रेंगाळत ठेवलीय. बघत बसावंसं वाटतंय.

हाच खेळ घरी पटावर खेळायचो तेव्हा भाऊजी हरायला लागले की खुशाल चाल मागे घ्यायचे. मी चिडले की आई डोळे वटारायची, "जावई आहेत ते!" मान घेणारा विसरून जातो. देणाऱ्याच्या घशात तो अडकून राहतो.

म्हणून मोबाइलवर या खेळाचं जहाजांचं हे नवं एक्स्पान्शन, म्हणजे वाढीव भाग, आलं, तेव्हा महिनाभर एकटीच चाली घोटत बसले.

भाऊजींचा फोन आला. "अगं, यात चाल मागे कशी घ्यायची?"

"नाही घेता येत, भाऊजी," म्हणत मी बंदर पेटवलं. "मोबाइलला जावई कळत नाहीत."