आधी वाट, मग पाणी

माझा लहान भाऊ रत्नपाल कम्प्युटरच्या आतलं काम करते, आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात घरी बसून. लोक विचारतात, करते तरी काय? मी सांगते, कम्प्युटरच्या पोटात काय काय होते, त्याची नोंद ठेवणारा कोड असते. तो चालू करणारा भाग वर्षानुवर्षं ठिगळं लावून पार गचाळ झाला होता. ते साफ करायचं काम याच्याकडे. एवढं समजाले मलेच सहा महिने लागले!

त्या दिवशी याचा साफ केलेला कोड टाकला अन् पुण्याच्या कंपनीची मशीनच सुरू होईना. बटन दाबलं की तिथंच ठप्प. साहेबाचा फोन आला, "चारपर्यंत नीट करा, नाही तर तुमचं सगळं काम काढून टाकतो." काम गेलं म्हणजे त्यावर मिळणार होती ती पक्की नोकरीही गेली. तीन वाजले होते. रत्नपाल तोच तोच कोड वरखाली पाहून राहिला होता. मलेही भेव वाटलं, खोटं काऊन बोलू?

तेवढ्यात शेजारचा हिरालाल ओरडत आला, "अल्का, तुमच्या बांधीचा धुरा फुटून राहिला ना वं!"

सकाळी धानाच्या त्या बांधीत, म्हणजे वावराच्या तुकड्यात, पाणी रत्नपालनंच सोडलं होतं. फावडं घेऊन धावली. वरच्या बांधीतून पाणी धो धो येऊन राहिलं होतं, अन् खालच्या बांधीतून निघाले वाटच नव्हती. वरचं तोंड बुजवलं, पण मातीचा धुरा, दोन बांध्यांमधला बांध, वाहून गेलाच.

चिखलाच्या पायानंच घरात शिरली. "गाढवा! आधी खालची वाट मोकळी करावी, मग वरून पाणी सोडावं. दहा सालाचं पोरगं जाणते!"

त्यानं मान वर केली. "ताई, पुन्हा म्हण."

"काय म्हणू, कप्पाळ?"

पण तो केव्हाच आपल्या कम्प्युटरकडे वळला होता. नोंदी ठेवाले जागा करणारी ओळ त्यानं नीटनेटकं दिसावं म्हणून खाली नेली होती. जागा व्हायच्या आधीच नोंदी सुटल्या होत्या. त्यानं ओळ वर आणली. चारले दहा कमी असताना पुण्याहून निरोप आला, मशीन सुरू झाली.

मग त्यानं स्क्रीन दाखवली. दुरुस्तीच्या खाली इंग्रजीत माझं नाव होतं.

"हे काऊन?"

"ज्यानं सुचवलं त्याचं नाव लिहा लागते, ताई. तसाच रिवाज आहे. आता ते कोणी पुसून टाकत नाही."

बाबा गेले तशी शाळा सोडून वीस वर्षं मीच ती बांधी कसून राहिली. सातबाऱ्यावर आजही माझं नाव नाही. पदरात तोंड घालून रडली मी.

धुरा मात्र दुसऱ्या दिवशी त्यालेच बांधाले लावला.