शुक्रवारचं सर्टिफिकेट

किली रिमर ही शाळेत उमेदवारीला लागली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिला गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, पिवळ्या पट्टीचं. शिक्षकांची पट्टी निळी, मदतनीस बायकांची हिरवी आणि शिकाऊ उमेदवाराची पिवळी. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही ऐकलं तरी चालतं, हे त्या रंगावरून पाच वर्षांच्या पोरांनाही लगेच कळायचं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडमध्ये शाळा संपवलेल्या पोरीपुढे वाटा तरी किती? मासळीचा कारखाना, म्हाताऱ्यांचं सदन, नाहीतर दुकानाचा गल्ला. किलीची आई कारखान्यात होती आणि तिच्या केसांचा वास रविवारीही जात नसे. तेव्हा मुलगी शाळेत लागली म्हटल्यावर आईने गल्लीभर सांगून टाकलं, "आमची किली टीचर होणार!" टीचर नाही, टीचरच्या हाताखाली, आणि तेही अजून शिकाऊ, असं किलीने सांगून पाहिलं. पण आईला ते ऐकायचंच नव्हतं.

हाताखालचं काम म्हणजे काय, ते तिला पॉलीनने शिकवलं. पॉलीन ही तिथली सगळ्यात जुनी मदतनीस, निवृत्तीला टेकलेली. पेन्सिलींना टोक काढायचं, रंगाची भांडी विसळायची, कुणी ओकलं तर त्यावर भुकटी टाकून भरायचं. आणि औषध एकच, ओला कागदी रुमाल. गुडघा फुटला, डोकं आपटलं, पोटात दुखलं, आईची आठवण आली, काहीही होवो, कागदी रुमाल नळाखाली धरायचा आणि पोराच्या हातात द्यायचा.

"याने बरं होतं?" किलीने विचारलं होतं.

"नाही गं. पण आपण काहीतरी केलं असं त्यांना वाटतं," पॉलीन म्हणाली. "अर्धी शाळा त्यावरच चालते बघ."

आठवड्यातून एक दिवस किली कॉलेजात जायची. तिथे पोरांना कसं सांभाळायचं यावर भाषणं असायची. त्यातली एक गोष्ट तिला पक्की पाठ झाली होती. मुलाने 'कुणाला सांगू नका' म्हटलं, तर 'नाही सांगणार' असं वचन कधीही द्यायचं नाही. उद्या ते पोर असं काही सांगेल की तुम्हाला सांगावंच लागेल. मग त्याचा तुमच्यावरचाच काय, सगळ्या मोठ्या माणसांवरचा विश्वास उडेल.

वर्ग मिस हेस्केथचा होता. हसरी, टापटीप, भिंतीवरच्या चित्रांच्या कडासुद्धा सरळ कापलेल्या हव्यात अशी बाई. आणि त्या वर्गात डार्सी होती. डार्सी घरी दिवसभर बडबड करायची, असं तिची आई कर्स्टी शपथेवर सांगायची. पण शाळेच्या फाटकातून आत आली की तोंडाला कुलूप. हजेरीला बोट वर करायची, तहान लागली तर नळाकडे बघत उभी राहायची. डॉक्टरांचं त्या आजाराला नाव देऊन झालं होतं, कुणीतरी तज्ज्ञ येऊन खेळणी मांडून गेला होता. जे कुणालाच जमत नाही ते शिकाऊच्या पदरात टाकायचं, ही सगळ्या जगाची रीत आहे. मिस हेस्केथने पहिल्याच आठवड्यात डार्सीला किलीच्या शेजारी बसवलं आणि पुन्हा त्या कोपऱ्याकडे फारसं पाहिलं नाही.

किलीने काय केलं? खरं सांगायचं तर विशेष काही नाही. ती तिच्या शेजारी बसायची, स्वतःशी बोलल्यासारखी बोलायची, आणि प्रश्न विचारायची नाही. लहानपणी ती स्वतःही घुमी होती. 'काय गं, मांजराने जीभ नेली का?' असं विचारणाऱ्या प्रत्येक मावशीचा तिला मनापासून राग यायचा. तो राग तिच्या कामी आला, कॉलेजची भाषणं नाही.

नाताळ तोंडावर आला होता. समुद्रावरून असा वारा सुटलेला की ट्राममधून उतरलेली माणसं वाकून चालत होती. मधली सुट्टी झाली आणि किली कोट टांगायच्या खोलीत डार्सीच्या कोटाच्या चेनशी झटत बसली होती. बाकीची पोरं बाहेर पळालेली. चेन काही केल्या वर सरकेना. किलीने दातओठ खाऊन हळूच एक शिवी हासडली.

"उलटी लावलीयस," डार्सी म्हणाली.

किलीने मान वर केली नाही. डोळे तिने चेनवरच ठेवले. "हो की," ती म्हणाली. "मी पण ना, येडीच आहे."

"येडीच आहेस," डार्सी म्हणाली आणि बाहेर पळाली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. कोट चढवायला त्या दोघी मुद्दाम वेळ लावायच्या. डार्सी घोगऱ्या, भरभर आवाजात सांगायची. आजीचा पक्षी टीव्हीला चावतो. मोठा भाऊ पादतो आणि कुत्र्याचं नाव सांगतो. मिस हेस्केथच्या तोंडाला कॉफीचा वास येतो. किली हसून हसून कोटांच्या आड तोंड लपवायची. एकदा दारात पावलं वाजली तशी डार्सी गप्प झाली, आणि पावलं गेल्यावर तिने विचारलं, "तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

कॉलेजात शिकवलेलं सगळं किलीला आठवलं. पण हे काही त्यातलं नाही, तिने स्वतःची समजूत घातली. ते मारहाणीचं, भलत्यासलत्या गोष्टींचं. हे तर चांगलंच आहे.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

वसंतात बातमी आली की पॉलीनच्या जागी सप्टेंबरपासून कायमची मदतनीस घेणार. एकच जागा. किलीची उमेदवारी जुलैमध्ये संपत होती. ती जागा मिळाली नाही तर कारखाना ठरलेला, आईच्याच शेजारचं टेबल. आई तोंडाने काही म्हणत नव्हती, पण तिने एकदा रात्रीचं जेवण वाढता वाढता विचारलं, "तुझ्या टीचरला तू आवडतेस ना गं?"

तिच्या टीचरला ती आवडत होती की नाही, हे किलीला त्याच आठवड्यात कळलं. ती स्टाफरूमच्या पडद्याआड कप विसळत होती. शिकाऊनेच विसळायचे, हा अलिखित नियम. बाहेर मिस हेस्केथ कुणाला तरी सांगत होती, "गोड पोरगी आहे हो. पण करते काय? तासन् तास त्या डार्सीपाशी बसते आणि मुलीच्या तोंडून एक अक्षर नाही. तिच्या जागी खुर्ची ठेवली असती तरी तेच."

दोघीतिघी हसल्या. पॉलीनही तिथेच बसलेली होती. तीही काही बोलली नाही.

अपमान असा असतो की तो गिळायला अठरा वर्षांचं वय पुरत नाही. किली हातातला कप तसाच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ती बोलते. माझ्याशी बोलते. रोज. नाताळपासून."

मग मिस हेस्केथ उठली आणि तिने किलीला चक्क मिठी मारली. "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ती वाईट बाई नव्हती, हेच तर त्यातलं दुखणं.

"पण कुणी काही म्हणू नका हं तिला," किली म्हणाली. "गाजावाजा नको. नाहीतर ती पुन्हा गप्प होईल."

"छे छे, अजिबात नाही," मिस हेस्केथ म्हणाली.

गुरुवारी दुपारी किलीला कळलं की या शुक्रवारचं सर्टिफिकेट डार्सीला मिळणार आहे. दर शुक्रवारी सगळी शाळा हॉलमध्ये जमते आणि प्रत्येक वर्गातल्या एकाला मुख्याध्यापक मिस्टर ऑल्डरसन पुढे बोलावून सर्टिफिकेट देतात. पालकांना आधी फोन जातो, ते मागे खुर्च्यांवर बसून फोटो काढतात. कर्स्टीला फोन गेलाही होता. तिने कामावरून सुट्टी मागून घेतली होती.

"याला गाजावाजाच म्हणतात," किली कशीबशी म्हणाली.

"अगं, नुसता कागद तर द्यायचाय," मिस हेस्केथ म्हणाली. "आणि मिस्टर ऑल्डरसन तुझंही नाव घेणार आहेत. सगळ्यांसमोर. सप्टेंबरच्या दृष्टीने बरं नाही का?"

त्या क्षणी किलीला 'नाही' म्हणता आलं असतं. वर ऑफिसात जाऊन, रडून, भांडून थांबवता आलं असतं. ती घरी गेली आणि तिने पांढऱ्या ब्लाउजला इस्त्री केली.

शुक्रवारी हॉलमध्ये दोनशे पोरं मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली. शांत बसवायची शाळांमधली ही जुनी पद्धत. मिस्टर ऑल्डरसननी डार्सीचं नाव पुकारलं. ती उठली, पण किलीची बाही सोडेना, म्हणून किली तिच्याबरोबर पुढे गेली. सर्टिफिकेट हातात दिलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. तिथेच थांबलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मिस्टर ऑल्डरसन दिलदार माणूस. दिलदार माणसांना थांबायचं कुठे ते कळत नाही. ते गुडघ्यावर बसले, माइक तिच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाले, "आम्ही ऐकलंय की आता तू छान छान बोलतेस. मिस रिमरने सांगितलं आम्हाला. मग आईला एक 'थँक यू' म्हणशील?"

डार्सीने किलीकडे पाहिलं.

मागे कर्स्टी मोबाईल उंच धरून उभी राहिली होती आणि आधीच रडत होती. दोनशे पोरं तोंडावरची बोटं न काढता वाट बघत होती. मिस हेस्केथ मान डोलावत होती. आणि किलीला वाटलं, एक शब्द निघाला की सुटलो, डार्सीही सुटली आणि मीही. ती वाकून कुजबुजली, "बोल ना गं, बाळा. एकदाच. माझ्यासाठी."

डार्सीच्या पांढऱ्या मोज्यांवरून ओल उतरायला लागली. आधी पुढच्या रांगेला दिसलं, मग सगळ्यांना. कुणीतरी "ईऽऽ" केलं आणि सगळा हॉल हशाने फुटला.

किलीने तिला उचलून बाहेर नेलं, जास्तीच्या कपड्यांच्या पेटीतून कुणाची तरी निळी विजार काढून घातली. डार्सीने पाय उचल म्हटलं तर पाय उचलला, हात वर म्हटलं तर हात वर केला. किली सारखं "सॉरी, डार्सी, सॉरी" म्हणत होती. पोरगी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. मग किली उठली आणि तिने काय केलं असेल? कागदी रुमाल नळाखाली धरला आणि तिच्या हातात दिला. डार्सीने तो घेतला नाही.

दुपारी पॉलीनने तिला गाठलं. "मला ठाऊक होतं ती तुझ्याशी बोलते ते. बाजूच्या संडासात असताना ऐकलं होतं मी. मी बोलले का कुणाला?"

"मग त्या दिवशी मिस हेस्केथ मला खुर्ची म्हणाली तेव्हा का नाही बोललात?" किली ओरडली. "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मला बोलावं लागलं नसतं!"

"मला आता जायचंय ना इथून," पॉलीन म्हणाली. "शेवटी शेवटी कशाला कुणाशी वाकडं घ्यायचं?"

सोमवारी कोट घालताना किलीने मुद्दाम चेन उलटी लावली. डार्सीने कोट अंगातून काढला आणि तशीच थंडीत बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात मिस हेस्केथने तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं. "एखादं पाऊल मागे पडतं गं," ती किलीला म्हणाली. "मनावर घेऊ नकोस." शाळेच्या वेबसाइटवर मात्र फोटो चढला. हातात सर्टिफिकेट, बाजूला मिस रिमर, पांढरा ब्लाउज.

जुलैमध्ये मुलाखत झाली. टेबलापलीकडे मिस्टर ऑल्डरसन, मिस हेस्केथ आणि शाळेच्या समितीवरचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनीच विचारलं, "तुमच्यामुळे एखाद्या मुलाचं भलं झालं, असं एक उदाहरण सांगाल?"

किलीने चेनची गोष्ट सांगितली. तिने ती छान सांगितली. 'उलटी लावलीयस' सांगताना डार्सीचा घोगरा आवाजही काढला. आजीचा पक्षी सांगितला, भाऊ सांगितला. आणि ती गुरुवारपाशी थांबली, शुक्रवार सांगितलाच नाही. म्हातारे गृहस्थ चष्मा काढून पुसत होते. मिस हेस्केथ खिडकीबाहेर बघत होती. मिस्टर ऑल्डरसननी घसा साफ केला आणि ते म्हणाले, "सुरेख."

जागा तिला मिळाली. आईने गल्लीभर केक वाटला.

सत्राच्या शेवटच्या दिवशी किली आधीच मिळालेली हिरवी पट्टी घालून फाटकावर उभी होती. पोरांना ज्याच्या त्याच्या हवाली करायचं काम. कर्स्टी आली, तिने मनापासून किलीचे हात धरले. "ऐकलं मी! बरं झालं बाई. तुझ्यासारखी दुसरी मिळाली नसती त्यांना."

डार्सी आईच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

"घरी कशी आहे?" किलीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "बोलते ना?"

"घरी? कान किटतात आमचे! हल्ली बाहुल्यांची शाळा भरवते. तू पण आहेस बरं का त्यात, एक बाहुली तू आहेस." कर्स्टी हसायला लागली. "बाकीच्यांना दटावते कशी, ऐकायला हवंस. म्हणते, त्या मिसपाशी काही बोलायचं नाही हं कुणी. ती जाऊन सांगते."

कर्स्टी हसत होती, म्हणून किलीही हसली. मागे पालकांची रांग खोळंबली होती. तिने पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.