भट्टीच्या तळावरचं पाणी

माकुणसारच्या आनंदीकाकी राऊतांना माती कळते, असं आसपासच्या गावांत सगळेच मानत. कुणाला नवी लागवड करायची असली की काकींना बोलावणं येई. त्या मूठभर ओली माती घेत, तिचा गोळा करत, मग अंगठ्याने बोटावर दाबत तिची पट्टी काढत. पट्टी लांब निघाली तर माती चिकण, पाणी धरून बसणारी. लगेच तुटली तर रेताड, पाणी सोडून देणारी.

त्यांच्या चुलत दिराचा मुलगा शैलेश बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करायचा. उभं राहून त्याचे गुडघे गेले होते. पुढेमागे नोकरी सोडावी म्हणून त्याने गावाच्या कडेला जमिनीचा तुकडा घेतला आणि पानवेली लावायचं ठरवलं. पानवेलीला ओल हवी, पण मुळाशी पाणी साचलं की ती कुजते. शैलेशने काकींना जमीन दाखवली. काकींनी कोपरभर खोल हात घालून माती काढली, दाबली आणि सांगितलं, "लाव. पाणी थांबणार नाय."

वेली चांगल्या चढल्या. श्रावणात मात्र सलग पाऊस लागला. तो उघडल्यावरही वाफ्यांतलं पाणी हलेना. खालच्या अंगाची पानं पिवळी पडून लोंबायला लागली. मेघाली, शैलेशची बायको, काकींना बोलवायला आली. काकींनी तिच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं.

वाडीत शिरताच कुजका वास आला. शैलेश गुडघ्याइतक्या चिखलात उभा होता. त्याने काकींकडे पाहिलं आणि मान वळवली. काकींनी पहार मागून घेतली आणि दोन ओळींच्या मध्ये खणायला सुरुवात केली. वरची माती सहज निघाली. मग पहार ठणकन आपटली. त्यांनी हात घालून वर काढलं तर विटेचे लाल तुकडे आणि काळी राख.

काकी तिथेच खाली बसल्या. इथे एके वर्षी वीटभट्टी लागली होती. सफाळ्याला जाता-येता त्यांनी तिचा धूर पाहिला होता. नंतर कुणीतरी वर तळ्याचा गाळ पसरला, गवत वाढलं आणि त्यांच्या डोक्यातून ती भट्टी गेली. ट्रकांनी आणि आगीने घट्ट झालेला तळ खाली थाळीसारखा पडून होता. त्यांनी फक्त थाळीतली माती तपासली होती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "खाली बघायला हवं होतं."

आभाळ डहाणूच्या बाजूने पुन्हा काळवंडत होतं. शैलेशने पहार घेतली आणि जिथे पाणी सर्वांत जास्त होतं, त्या खालच्या टोकाला तळ फोडायला निघाला. काकींनी त्याला अडवलं. तिथे जमिनीतलंच पाणी वर आलेलं असेल, भोक पाडूनही ते उतरणार नाही, वरच्या टोकाला फोड, असं त्या सांगू लागल्या.

"काकी, आता तुझ्या सांगण्यावर नाय," तो म्हणाला.

त्याने खालीच फोडलं. बराच वेळ घाव घातल्यावर तळ फुटला. तिघंही वाकून पाहत राहिली. भोकातलं पाणी तसंच राहिलं, उलट थोडं वर आलं. मेघालीने तोंडावर पदर धरला.

वरच्या टोकालाही असंच झालं तर काय, हे काकींना ठाऊक नव्हतं. आता त्यांच्या बोलण्यात आधीचा ठामपणा नव्हता. त्यांनी स्वतःच पहार उचलली आणि वर जाऊन घाव घालू लागल्या. त्यांना धाप लागलेली पाहून शैलेशने शेवटी त्यांच्या हातातून ती घेतली. तळ फुटला. आधी काही झालं नाही. मग बुडबुडे आले, गढूळ पाणी गरगरलं आणि भोकात आवाज करत उतरू लागलं. खाली मोकळी रेती होती.

पाऊस येईपर्यंत वेळ थोडा होता. शैलेश भोकं पाडत गेला, मेघाली चर काढत गेली. काकी मुळं तुटू नयेत म्हणून हातांनी वेली बाजूला धरत होत्या. सरी कोसळल्या तरी कुणी थांबलं नाही. वरच्या वाफ्यांत पाणी साचण्याआधीच जिरत होतं.

खालच्या अंगाच्या सगळ्या वेली मेल्या. वरच्या अर्ध्याअधिक वाचल्या. खालच्या ओल्या पट्ट्यात शैलेशने पुढे अळू लावलं. नोकरी सोडायचं मात्र त्याने पुढच्या वर्षावर ढकललं. काकींशी तो बरेच दिवस कामापुरतंच बोलायचा. दिवाळीत मेघालीने पहिल्या खुडीची पानं त्यांच्या घरी पाठवली, तेव्हा ती घेऊन शैलेश स्वतः आला, ओट्यावर बसला आणि चहा पिऊनच गेला.