दोन दोऱ्यांमधली अक्षरं

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. आई म्हणाली, "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" पण पोटात राहतच नाहीये. चुका असतील तर असू देत.

माझी मावशी तुरुंगात आहे. तिच्या हातून नवरा गेला. लपवायचं काय, कोर्टात सगळं झालंय. आधी तिचं पार्लर होतं. दातात दोरा धरून अशा भुवया कोरायची की रडत आलेली बाईसुद्धा आरशात बघून गप्प व्हायची.

आत एका रिकाम्या खोलीत तिने शाळा काढली. अंगठा उठवणाऱ्या बायकांना लिहायला शिकवते. कागद नव्हते, म्हणून सगळ्या साबणाच्या तुकड्याने फरशीवर गिरवायच्या. मग तुरुंगाच्या मोठ्या मॅडमनी अट घातली: परीक्षा घेते, निम्म्या पास झाल्या तर खोली तुमची, नाहीतर तिथे शिलाई मशीनं.

सरावाला कागद मिळाले आणि बोंबच झाली! फरशीची सवय ना, एकेक अक्षर ताटाएवढं. एका नावात पान खलास. मावशीने कपाळावर हात मारला. मग शिलाईतून दोरा मागून आणला आणि फरशीवर दोन दोरे ताणले. "याच्या बाहेर गेलीस तर बघ!" रोज दोरे थोडे जवळ आणायचे.

पण परीक्षेत दोरे कुठले? मावशीच्या वर्गातल्या, धोबीखान्यात काम करणाऱ्या एक काकू घाबरल्या, बाहीची शिवण उसवून दोन दोरे काढले आणि कागदावर ठेवले. पहारेकरीण ओरडली, "कॉपी!" मॅडमनी सगळ्यांचेच कागद उचलले.

मागच्या भेटीत काचेपलीकडून हे सांगताना मावशीची बोटं थांबतच नव्हती. फोनची वायर गुंडाळ, सोड, परत गुंडाळ.

"खोली गेली तर या बाया परत अंगठ्यावर येतील गं."

"मग मॅडमना सांग ना!"

"सांगितलं. म्हणाल्या, विचार करते. तुझी आई म्हणते ना, तसंच. म्हणजे नाहीच."

ती हसली. मला हसू येईना. तेवढ्यात घंटा झाली.

नंतर झोप नाही, लेक्चरला लक्ष नाही, नखं खाऊन संपली. काल परत गेले. बसायच्या आधीच ओरडले, "काय झालं?"

"बूड टेक आधी. मॅडमनी काकूंना समोर बसवलं. दोरा नाही, काही नाही, म्हणाल्या, मनातलं लिहा. काकू घामाघूम. पण अगं, मुंगीएवढी अक्षरं काढली! मॅडमना चष्मा शोधावा लागला."

"मग?"

"मग सगळ्यांचे कागद तपासले. खोली आपली!"

मी भोकाडच पसरलं.

"रडतेस काय येडे? त्या भुवया बघ, जंगल झालंय नुसतं."

"पण काकूंनी लिहिलं काय?"

तेव्हा कुठे तिची बोटं थांबली.

"'बाळा, एकदा भेटून जा.' त्यांचा मुलगा. तो कधी आलाच नाही गं."

तो हे वाचेल की नाही, काय माहीत. पण तुमचं कुणी असं काचेपलीकडे असेल, बोलणं तुटलेलं असेल, तरी जा. राग नंतर काढा. याच आठवड्यात जा, प्लीज.