भूल देणाऱ्या डॉक्टरबाई

मला त्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचा संशयच यायचा. माझ्या मुलीच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती, तिच्यामुळे बीपी एकाएकी चढायचं. रायपुरातले नावाजलेले सर्जन ऑपरेशनला तयार होते. या बाई मात्र रोज वॉर्डात यायच्या, पोरीचा तळहात दाबून घाम बघायच्या, तिला निजवून, मग उभी करून बीपी घ्यायच्या आणि मान हलवून निघून जायच्या. तारीख दोनदा पुढं गेली.

"हिले जमते तरी का?" मी बायकोला म्हणालो.

शेवटी मी त्यांना जिन्यात अडवलं. "मॅडम, काहून टाळून राहिल्या?"

"गाठीले हात लागला की बीपी उसळते, भैया. गाठ निघाली की धाडकन पडते. आधी औषधानं पोट्टीले तयार होऊ द्या."

मला ती सबब वाटली.

ऑपरेशन झालं. सर्जन हसत बाहेर आले, गाठ निघाली म्हणाले. मी आयसीयूच्या काचेतून पाहिलं. समोर पडद्यावर आकडे असूनही बाईंचा हात मुलीच्या मनगटावर होता. अचानक त्या सिस्टरवर ओरडल्या आणि सलाइनची पिशवी दोन्ही हातांनी पिळू लागल्या. यंत्र त्यानंतर बोंबललं.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला आत बोलावलं. मुलगी पुटपुटली, "पापा, पानी."

"आता धोका टळला ना, मॅडम?"

"मले अजून तसं वाटून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि दुसरं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.